देसाई, रणजित

देसाई, रणजित : (८ एप्रिल १९२८ – ६ मार्च १९९२). मराठी कादंबरीकार, कथाकार व नाटककार. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील कोवाड हे त्यांचे गाव. थोरल्या माधवराव पेशव्यांवरील ‘स्वामी’ (१९६२) आणि छत्रपती शिवाजी महाराजांवरील ‘श्रीमान योगी’ (१९६८) या दोन कादंबऱ्यांनी त्यांचे नाव मराठी घराघरांत नेले. ‘स्वामी’ला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. इतिहासाची आवड अशीच एखाद्या कादंबरीतून लागली असे सांगणारे वाचक महाराष्ट्रात हजारोंनी भेटतात. त्या कादंबऱ्यांत या दोन पुस्तकांचे स्थान फार वरचे आहे.

कोवाड ताम्रपर्णी नदीच्या काठावर आहे. कोल्हापूर हे जिल्ह्याचे ठिकाण, पण बाजारहाट बेळगावचा. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा कानांवर पडणारा हा मुलूख. पाऊस दांडगा, रान दाट. देसाईंचे सुरुवातीचे लेखन याच मातीतले आहे. ‘रूपमहाल’ हा त्यांचा आरंभीचा कथासंग्रह. त्यानंतरच्या ‘बारी’ या कादंबरीत घाटातल्या जंगलावर जगणाऱ्या बेरड समाजाचे आयुष्य आणि जंगल हातचे जाताना त्या समाजाची झालेली परवड आहे. ‘माझा गाव’ ही त्यांची आणखी एक ग्रामीण कादंबरी. ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून नाव झाल्यावर ही पुस्तके मागे पडली, ते योग्य झाले नाही. ‘बारी’ आजही वाचावी अशी आहे. माणूस आणि त्याची भूमी एकमेकांत कशी गुंतलेली असतात हे देसाईंनी आधी इथे पाहिले, आणि पुढे राजांच्या गोष्टी सांगतानाही ती नजर त्यांना उपयोगी पडली.

पेशवाईच्या विषयाकडे ते वळले ही गोष्ट कोल्हापूरच्या संदर्भात सहज घेण्यासारखी नाही. करवीरची, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींची, गादी आणि पुण्याची पेशवाई यांचे संबंध अठराव्या शतकात कधी सलोख्याचे, कधी उघड वैराचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी छत्रपतींच्या वेदोक्त विधींच्या अधिकाराचा वाद, म्हणजे वेदोक्त प्रकरण, आणि ब्राह्मणी वर्चस्वाला विरोध करणारी सत्यशोधक चळवळ यांनी इथले वातावरण ढवळून निघाले. अशा जिल्ह्यातल्या लेखकाने एका पेशव्याचे चरित्र इतक्या मायेने लिहिले, आणि कोल्हापुरासकट सगळ्या महाराष्ट्राने ते आपले मानले.

कथानायक माधवरावांचे आयुष्यही सोपे नव्हते. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये वडील नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या हाती पेशवाईची सूत्रे आली. घरात चुलते रघुनाथराव, बाहेर निजाम आणि म्हैसूरचा हैदर अली. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, कर्नाटकच्या मोहिमा झाल्या, १७६८ मध्ये धोडपला चुलत्यांनाच कैद करावे लागले, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गणपतीच्या सान्निध्यात क्षयाने मृत्यू. वय अवघे सत्तावीस. रमाबाई तिथेच सती गेल्या. या सगळ्या घडामोडींना पेशवे दफ्तराचा आधार आहे, गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागद १९३० च्या दशकात ४५ खंडांत प्रसिद्ध केले होते. रमाबाईंच्या मनात काय होते ते मात्र कागद सांगत नाहीत. देसाईंनी आपली कादंबरी नेमकी त्या रिकाम्या जागेत उभी केली. कारभाराने आणि आजाराने पिचलेला नवरा, त्याच्या वाट्याला येणारे क्षण वेचून जगणारी बायको, दोघांमधले अबोल समजूतदारपण ही ‘स्वामी’ची खरी कथा. लढाया पार्श्वभूमीला राहतात. सतीचा शेवट ज्या उदात्त सुरात रंगवला आहे तो आजच्या वाचकाला खटकतो, आणि खटकायला हवा. तरीही थेऊरला गेलेला मराठी माणूस चिंतामणीच्या दर्शनानंतर रमाबाईंच्या समाधीकडे वळतो, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’पासून (१८७१) होती; हरि नारायण आपटे आणि नाथमाधव यांनी ती लोकप्रियही केली होती. त्या कादंबऱ्यांत बहुधा कल्पित नायक आणि इतिहासाची पार्श्वभूमी असा मेळ असे. देसाईंनी थेट ऐतिहासिक पुरुषालाच नायक केले, त्याचे आयुष्य क्रमाने सांगितले आणि सांगण्याचा सगळा भार संवादावर टाकला. वाड्यातली बैठक, मुजरे, सदरेवरची कुजबुज, दिवेलागण अशा छोट्या छोट्या प्रसंगांची साखळी त्यांच्या हातात फार सफाईने येते. वाचताना नाटक पाहतो आहोत असे वाटते. हे त्यांचे बलस्थान, आणि धोकाही इथेच आहे. संवाद इतके खरे वाटतात की वाचक ते घडलेलेच समजतो. व्याख्यानांतून आणि भाषणांतून कादंबरीतली वाक्ये ऐतिहासिक पुरुषांच्या तोंडी घालून उद्धृत होतात.

या प्रश्नाला स्वतः देसाईंनी कसे तोंड दिले हे ‘श्रीमान योगी’त दिसते. हजाराहून अधिक पानांच्या या ग्रंथाचे नाव समर्थ रामदासांच्या ‘निश्चयाचा महामेरू’ या प्रसिद्ध ओळींतील ‘श्रीमंत योगी’ची आठवण करून देते. पुस्तकाला प्रस्तावना म्हणून नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र जोडले आहे. ते कौतुकाचे चार शब्द नाहीत. शिवचरित्राच्या साधनांची छाननी, दंतकथा आणि पुरावा यांतला फरक, महाराजांचे मोठेपण नेमके कशात शोधायचे, याची परखड चर्चा त्यात आहे. कादंबरीतल्या भावपूर्ण चित्रणाला ती अनेक ठिकाणी प्रश्न विचारते. आपल्या पुस्तकाच्या दारात इतका कठोर वाचक उभा करण्याचे धैर्य फार थोडे लेखक दाखवतात. देसाईंनी ते दाखवले, आणि त्यामुळे या कादंबरीसोबत इतिहास कसा वाचावा याचा एक धडाही लाखो घरांत गेला. पत्र आधी वाचून मग कादंबरी वाचली तर दोन्हींचा कस कळतो.

‘स्वामी’ प्रसिद्ध झाली त्याच १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते. पुढे त्यांनी संपादित केलेल्या ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’च्या खंडांनी करवीर राज्याच्या अभ्यासाला भक्कम पाया दिला. स. मा. गर्गे यांची ‘करवीर रियासत’ही याच परंपरेतली. एकीकडे मोडीतले कागद लावत बसलेले अभ्यासक, दुसरीकडे तोच काळ गोष्टीतून सांगणारे लेखक, शाहीर आणि चित्रपटकार. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ कोल्हापुरातलेच, आणि दोघांनीही शिवकाल पडद्यावर आणला. देसाईंच्या लोकप्रियतेला ही जमीन आधीपासून नांगरलेली होती.

याच जिल्ह्यातल्या आजऱ्याचे शिवाजी सावंत यांनी कर्णावर ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि पुढे संभाजी महाराजांवर ‘छावा’ (१९७९) लिहिली. देसाईंची कर्णावरील ‘राधेय’ १९७३ ची. एका जिल्ह्यातून सहा-सात वर्षांत दोन कर्ण उभे राहिले. सावंतांचा कर्ण अनेकांच्या निवेदनांतून भव्य होत जातो. देसाईंचा कर्ण आटोपशीर, एकाकी आणि जास्त जवळचा वाटतो.

इतर लेखनात ‘राजा रविवर्मा’ (१९८४) ही चित्रकाराच्या जीवनावरील कादंबरी महत्त्वाची. केतन मेहता यांचा ‘रंगरसिया’ हा चित्रपट तिच्यावर आधारलेला आहे. ‘गरुडझेप’, ‘रामशास्त्री’ ही ऐतिहासिक नाटके आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने गाजलेले ‘हे बंध रेशमाचे’ हीसुद्धा त्यांचीच. ‘स्वामी’वरून गजानन जागीरदार यांनी दूरदर्शन मालिका केली. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव (पुढे कुलकर्णी) हे त्यातले माधवराव-रमाबाई एका पिढीच्या मनात कायमचे बसले.

‘पावनखिंड’ (१९८१) ही लहानशी कादंबरी घरच्या भूगोलाची आहे. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, जुलैच्या मुसळधार पावसात रात्री महाराजांचे निसटणे, शिवरायांचे सोंग घेऊन मरण पत्करणारा नेबापूरचा शिवा काशीद, आणि गजापूरच्या घोडखिंडीत विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहत लढणारे बाजीप्रभू. पन्हाळा, खिंड, विशाळगड सगळे कोल्हापूर जिल्ह्यात. कादंबरी बाजीप्रभूंभोवती फिरते; त्यांच्यासोबत लढलेल्या मावळातील बांदल घराण्याच्या सेनेचे श्रेय अलीकडचे अभ्यासक ठळकपणे मांडतात, आणि ते मांडायलाच हवे. दर जुलैत पन्हाळ्याहून खिंडीकडे चिखल तुडवत निघणाऱ्या मोहिमांत आता बाजीप्रभू, शिवा काशीद आणि बांदल या तिघांचाही जयजयकार होतो.