न्यूटनचं आधीचं सफरचंद

झाडावरून पडलेलं सफरचंद सगळ्यांना ठाऊक आहे. न्यूटनच्या वहीत त्याआधीचंही एक सफरचंद आहे. १६६२ साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या या एकोणीस वर्षांच्या मुलाने आपल्या पापांची यादी लघुलिपीत लिहून काढली. देवाच्या घरात, म्हणजे चर्चमध्ये, सफरचंद खाल्लं. रविवारी उंदरांचा सापळा बनवला. रविवारी पाणी उडवलं. आई आणि सावत्र बापाला घरासकट जाळून टाकीन अशी धमकी दिली. हे शेवटचं सोडलं तर बाकीची पापं वाचून हसू येतं, पण लिहिणारा अजिबात हसत नव्हता.

न्यूटन म्हातारपणी देवाधर्माकडे वळला, असं बरेचदा सांगितलं जातं. ते खरं नाही. ऐन तिशीत, गणित आणि प्रकाशावरचं काम जोरात चालू असतानाच, तो बायबल आणि चर्चचा जुना इतिहास उपसत होता. आणि वाचता वाचता एका भलत्याच निष्कर्षाला पोचला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत मूळ ख्रिस्ती धर्मात नव्हताच. चौथ्या शतकात अथनेशियस हा बिशप आणि त्याच्या पक्षाने तो घुसडला, असं त्याचं मत झालं. येशू देवाचा पुत्र खरा, पण पित्याच्या बरोबरीचा नव्हे. गंमत म्हणजे हा माणूस ज्या कॉलेजात राहत होता त्याचं नावच ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्य!

तिथल्या फेलोला, म्हणजे कॉलेजच्या मानकरी सदस्याला, ठरावीक मुदतीत पाळकाची दीक्षा घ्यावी लागे. न्यूटनला ते करायचं नव्हतं आणि कारणही सांगता येत नव्हतं. शेवटी १६७५ मध्ये राजाच्या हुकमाने ल्युकेशियन प्राध्यापकाला, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या प्राध्यापकाला, या अटीतून सूट मिळाली, आणि ते पद न्यूटनकडेच होतं. नोकरी वाचली.

त्याच्या कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं सातवं वचन त्रैक्याचा मोठा आधार मानलं जाई. न्यूटनने जुनी हस्तलिखितं, भाषांतरं आणि सुरुवातीच्या धर्मगुरूंचे ग्रंथ यांची साक्ष पडताळली. जुन्या ग्रीक प्रतींत ते वाक्य सापडतच नव्हतं. इरॅस्मस या सोळाव्या शतकातल्या विद्वानानेही छापील ग्रीक बायबलच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातलं. मागाहून घुसवलेल्या मजकुराला आपल्याकडे क्षेपक म्हणतात, तोच हा प्रकार. आजचे अभ्यासकही या वचनाला मूळचं मानत नाहीत. न्यूटनने हे सगळं लिहून १६९० मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉककडे पाठवलं, निनावी छापायचं ठरलं, आणि मग त्याने घाबरून ते थांबवलं. ते छापलं गेलं १७५४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी.

भीती उगाच नव्हती. इंग्लंडमध्ये वेगळ्या पंथांना मोकळीक देणाऱ्या १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यातूनही त्रैक्य नाकारणारे वगळलेले होते. १६९७ मध्ये एडिनबरात टॉमस एकेनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईशनिंदेबद्दल फाशी दिलं. न्यूटनच्याच जागी आलेला विल्यम व्हिस्टन अशीच मतं उघड बोलला आणि १७१० मध्ये केंब्रिजमधून हाकलला गेला. न्यूटन गप्प राहिला. मला तरी इथे त्याचा थोडा राग येतो.

देव मात्र त्याच्या भौतिकशास्त्रातही होता. ग्रह आणि धूमकेतू एकमेकांना ओढत राहतात, त्यातून गडबड साचत जाते, तेव्हा देवाला सूर्यमाला कधीतरी नीट लावावी लागेल, असं त्याला वाटे. जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझने १७१५ मध्ये टोमणा मारला, की यांच्या देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागते! न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क या धर्मगुरूने उत्तरं दिली. न्यूटनच्या मते देव घड्याळ बनवून निघून गेलेला कारागीर नव्हताच. तो सतत राज्य करणारा धनी होता.

१७२७ मध्ये मरणशय्येवर त्याने चर्चचा अखेरचा विधी नाकारला. मागे राहिलेले कागद डॉ. टॉमस पेलेटने चाळले आणि कित्येकांवर शेरा मारला: छापण्यास अयोग्य. ते गठ्ठे १९३६ मध्ये लंडनला लिलावात निघाले. किमयागिरीचे बरेचसे कागद अर्थतज्ज्ञ केन्सने गोळा केले. धर्मावरचे पुष्कळसे घेतले अब्राहम याहुदा या जेरुसलेममध्ये जन्मलेल्या ज्यू विद्वानाने. आज ते इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.