सोललं म्हणजे तयार झालं? पील प्लायच्या वादामागचा इतिहास

विमानात गोंदाने धातू जोडायला सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमध्ये. जोड टिकतो तो पृष्ठभागाच्या तयारीवर, हा धडा अ‍ॅल्युमिनियमने आधीच शिकवला होता आणि फॉस्फरिक आम्लातलं अ‍ॅनोडायझिंग (विजेने धातूवर ऑक्साइडचा थर चढवणं) त्यातूनच आलं. तरीही 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांजवळ 24,000 फुटांवर एका बोइंग 737 च्या छताचा मोठा तुकडा उडून गेला. गोंदाचे जुने सांधे सुटले होते आणि भार रिव्हेटांवर आला होता.

कार्बन फायबरच्या भागाला वरून एपॉक्सी (घट्ट होऊन प्लास्टिकसारखं बनणारं रेझिन) असतो, धातू नाही; त्याचं अ‍ॅनोडायझिंग कसं करणार? म्हणून पील प्लाय आला. लेअपच्या (एकावर एक रचलेल्या कार्बन थरांच्या) वरच्या थरावर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं विणलेलं कापड घालायचं, भागासोबत क्युअर होऊ द्यायचं (म्हणजे रेझिन घट्ट होऊ द्यायचं) आणि गोंद लावायच्या वेळी टर्रकन सोलायचं. खालचा पृष्ठभाग कोणाचाही हात न लागलेला, म्हणजे स्वच्छ.

सगळा घोळ या ‘स्वच्छ’ शब्दात आहे. 1990 च्या दशकात हा वाद चांगलाच पेटला. सोललेला पृष्ठभाग भिंगाखाली धरा: खळगे दिसतात, पण खळग्यांचा तळ चकचकीत असतो, धाग्याचा जणू साचाच. नुसत्या डोळ्यांना खरखरीत, गोंदाला मात्र गुळगुळीत. सोलताना रेझिन तुटायला हवं. इथे ते धाग्यापासून नुसतं सुटलेलं असतं. त्यात सहज निघावं म्हणून कापडाला सिलिकॉन लावलेलं असेल, तर तेही मागे राहतं. ‘पील प्लाय’ आणि ‘रिलीज फॅब्रिक’ (असं सहज निघणारं, लेप दिलेलं कापड) हे शब्द अनेक शॉपमध्ये एकाच रोलसाठी वापरले जायचे, ही तर कमालच.

एक बाजू म्हणे, सोला आणि लगेच चिकटवा. घासायला गेलात तर धूळ, तेलकट बोटं आणि उघडे पडलेले तंतू. दुसरी म्हणे, हलकं सँडिंग किंवा ग्रिट ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा) केल्याशिवाय गोंद लावूच नका. पहिलीच्या बाजूने मुख्यतः वेळापत्रक होतं, असं माझं मत. पाण्याची चाचणीही (स्वच्छ पृष्ठभागावर पाणी सलग पसरतं) इथे फसवते: पाणी खळग्यांत अडकून पसरल्यासारखं दिसतं.

अल्ट्रासाउंडला फट दिसते, पण नुसता टेकलेला, न चिकटलेला गोंद दिसत नाही. जोडाची ताकद न तोडता मोजणारी सर्वमान्य तपासणी आजही नाही. त्यामुळे भर आता प्रक्रियेवर आहे: प्लाझ्मा किंवा लेसरने पृष्ठभाग तयार करणं, थेंबाचा स्पर्शकोन (थेंब किती पसरतो ते) मोजणं. तरी गोंदाच्या जोडात ‘चिकन रिव्हेट’ (गोंदावर भरवसा नाही म्हणून घातलेले जादा रिव्हेट) ठोकणं काही थांबलेलं नाही.