भ्रूण मूलपेशींचे विभेदन

गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या, कोणतेही काम न नेमलेल्या पेशींपासून चेता, स्नायू, रक्त, यकृत अशा ठरावीक कामाच्या पेशी घडण्याची प्रक्रिया. फलनानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास मानवी गर्भ पोकळ गोळ्याच्या अवस्थेत (ब्लास्टोसिस्ट) असतो. बाहेरच्या थरातून वार बनते, आतल्या पुंजक्यातून शरीर. हा पुंजका वेगळा काढून वाढवला की भ्रूण मूलपेशी मिळतात. उंदरात हे १९८१ मध्ये साधले, माणसात १९९८ मध्ये.

ऑक्ट-४, सॉक्स-२ आणि नॅनॉग ही प्रथिने एकमेकांना धरून पेशीला ‘कोरी’ ठेवतात. त्यांची पकड सैल झाली की विभेदन सुरू होते. उंदराच्या मूलपेशींच्या पोषक द्रवातून ‘लिफ’ हे प्रथिन काढून घेतले, तर त्या काही दिवसांतच वेगवेगळ्या वाटांना लागतात. पुढचे इशाऱ्यांवर ठरते: बीएमपी हा संदेश अडवला तर चेतापेशींकडे कल, अ‍ॅक्टिव्हिन हे संदेशक प्रथिन भरपूर मिळाले तर अंतःस्तराकडे, म्हणजे आतडे-यकृत घडवणाऱ्या आतल्या थराकडे. जनुके मात्र हरवत नाहीत. नको असलेली गुंडाळून ठेवली जातात, एवढेच.

महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेले पाणी सावित्रीला मिळाले तर अरबी समुद्रात जाते, कृष्णेला मिळाले तर वाई, सांगली करत बंगालच्या उपसागरात. जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये पेशींच्या वाटा अशाच उतार आणि दऱ्यांच्या चित्रातून मांडल्या. उपमा तोकडी पडते ती एका ठिकाणी: पाणी घाट चढत नाही, पण जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकांच्या जोरावर उंदराची प्रौढ पेशी पुन्हा माथ्यावर नेऊन ठेवली.

सातारा-सांगलीच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातले सर्वात जवळून दिसते ते कोंबडीच्या गर्भात. त्यासाठी अंडी हॅचरीची, फलित लागतात; दुकानातली लेअर कोंबड्यांची अंडी कितीही उबवली तरी व्यर्थ, कारण त्या पिंजऱ्यांत कोंबडाच नसतो. सुमारे ३८ अंश सेल्सिअसला १८ तास उबवल्यावर बलकावरच्या पांढुरक्या चकतीत एक बारीक रेघ उमटलेली असते. तिला आद्यरेषा म्हणतात. तिच्यातून पेशी आत उतरतात आणि बाह्य, मध्य व अंतः असे तीन स्तर वेगळे होतात. ४८ तासांनी कवच नीट उघडले, तर धडधडणारे हृदय भिंगाखाली दिसते.

माणसाच्या बाबतीत हीच रेघ कायद्याच्या चर्चेतही येते. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी गर्भ प्रयोगशाळेत १४ दिवस किंवा आद्यरेषा उमटेपर्यंत, यांतले जे आधी होईल तोवरच वाढवता येतो.