बिबट्याच्या वाटेचा सातबारा

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्याला बसच्या खिडकीतून ‘वाघबीळ’ ही पाटी दिसते आणि त्याच्या मनात एकच विचार येतो, अजून कासारवडवली यायची आहे. नावातला वाघ कुणाला आठवत नाही. डोंगराकडच्या वारली पाड्यांवर बिबट्यालाही वाघच म्हणतात. तो वाघ अजून गेलेला नाही. रात्री आपली वाहतूक बघत तो रस्त्याच्या कडेला थांबतो, एवढंच.

त्याला हा रस्ता का ओलांडायचा असतो, हे नकाशा उघडला की कळतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली-कांदिवली, पूर्वेला मुलुंड आणि ठाणे, दक्षिणेला आरेच्या पलीकडे सगळं शहरच. मोकळी बाजू उरली ती उत्तरेची. तिकडे आधी घोडबंदर रोड, मग वसईची खाडी. खाडीपलीकडे ससूनवघरच्या बाजूला याच उद्यानाचा तुटलेला तुकडा आहे, नागला ब्लॉक. त्याच्या पुढे चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग ओलांडला की तुंगारेश्वर अभयारण्य लागतं, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं. तिथून पूर्वेकडे शेतं, वीटभट्ट्या आणि गोदामं चुकवत गेलं तर तानसा अभयारण्य, सुमारे 320 चौरस किलोमीटरचं. आणि तानसाच्या मागे सह्याद्री.

2015 मध्ये कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि परिसरात 35 बिबटे ओळखता आले होते. बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून एकेक जनावर मोजता येतं. 2024 च्या मोजणीत आकडा 54 वर गेला. ऐकायला छान वाटतं, पण दीड-दोन वर्षांचा झाला की नर बछड्याला आईचा इलाका सोडावा लागतो, आणि आतली प्रत्येक टेकडी आधीच कुणाची तरी असते. बाहेर पडायला जागा नसेल तर तो मार खातो किंवा वस्तीच्या कडेने फिरत राहतो. शिवाय बाहेरून नवं रक्त आलं नाही, तर काही पिढ्यांत सगळे एकमेकांचे भाऊबंद होतात. नात्यातल्या नात्यात पिलं होत राहिली की रोगांशी झुंजायची ताकद घटते. गंमत म्हणजे हे टाळायला फार पाहुणे लागत नाहीत. दर पिढीला एक-दोन परके बिबटे येऊन इथे नांदले तरी पुष्कळ फरक पडतो, असं लोकसंख्या-जनुकशास्त्र सांगतं. म्हणजे वाट रुंद नसली तरी चालेल, पण ती कायमची बुजता कामा नये.

असा पाहुणा खरंच येतो, हे ‘आजोबा’ने दाखवून दिलं. 2009 मध्ये विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला, तो कुठे आहे ते कळवणारी कॉलर गळ्यात लावून माळशेज घाटात सोडलं होतं. सुमारे 120 किलोमीटर चालून, रेल्वेरूळ आणि महामार्ग ओलांडत तो मुंबईच्या जंगलात येऊन पोचला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही. 2011 मध्ये वाहनाच्या धडकेत तो गेला. 2021 पासून वनविभाग आणि डब्ल्यूसीएस-इंडिया या वन्यजीव संस्थेने इथल्याच बिबट्यांना कॉलर लावल्या. त्यांतल्या ‘महाराजा’ नावाच्या नराने नागला ते तुंगारेश्वर ही वाट वापरली, मधले रूळ आणि कामणचा रस्ता ओलांडून.

पण पाच-सहा कॉलरींवरून साऱ्या बिबट्यांची वाट कशी ठरवायची? इथे गणित कामाला येतं. उपग्रहाच्या चित्रावर बारीक चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीला एक टोल लावायचा. दाट झाडीला एक रुपया, भातखाचराला पाच, वीटभट्टीला वीस, वाहत्या रस्त्याला शंभर, टॉवरच्या कंपाउंडला हजार. (आकडे माझे, समजण्यापुरते.) मग संगणकाला विचारायचं, उद्यानातल्या येऊरहून तुंगारेश्वरला सगळ्यात स्वस्तात कसं जाता येईल? ही झाली किमान खर्चाची वाट.

यात एक खोट आहे. बिबट्याच्या हातात नकाशा नसतो, पुढच्या वळणापलीकडे काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून दुसरी रीत विजेच्या मंडलावरून उचलली आहे. सगळा प्रदेश म्हणजे विजेला कमी-जास्त अडवणाऱ्या रोधकांचं जाळं समजायचं, एका जंगलातून प्रवाह सोडायचा आणि तो कुठे कुठे पसरतो ते बघायचं. मोकळ्या रानात प्रवाह पातळ होतो. दोन वस्त्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत तो दाटतो. अशी दाटीची जागा बुजली तर पर्याय नसतो. दहा हेक्टर रान दुसरीकडे राखून तिची भरपाई होत नाही. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचं सार एवढंच आहे, आणि वनजमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जमीन देणारा आपला हिशेब नेमका इथेच चुकतो.

टोल ठरवताना घड्याळही बघावं लागतं. बिबट्या रात्री निघतो, रात्री रस्ता रिकामा असतो, म्हणजे टोल कमी, असं वाटेल. घोडबंदर रोडवर उलटं आहे. दिवसा गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे गुजरातकडे जाणारे कंटेनर रात्री सुटतात. आपली कोंडी टाळण्यासाठी केलेल्या नियमाने बिबट्याच्या वेळेलाच ट्रकची रांग लावून ठेवली आहे. यात कुणाचा दुष्टावा नाही. नियम करताना हा प्रवासी कुणाच्या यादीतच नव्हता.

उपाय मात्र अवघड नाही. डोंगरातलं पाणी खाडीकडे नेणाऱ्या मोऱ्या या रस्त्याखालून जातातच. बिबट्यालाही ओढ्याच्या काठाने, झाडीच्या आडोशाने चालायला आवडतं. मोरी पुरेशी उंच, कोरडी कड असलेली आणि पलीकडचा उजेड दिसणारी असेल तर तो ती वापरू शकतो. तोंडाशी हॅलोजन नको. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जनावराला मोरीकडे वळवणारं कुंपण हवंच, नाहीतर तो सरळ डांबरावर चढतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर अशी 9 बांधकामं आहेत, सगळ्यात लांब 750 मीटरचं. त्यांच्याखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. घोडबंदरला एवढी जागा कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. पण इथे जायचंय बिबट्याला, आणि तो मांजरासारखा अंग चोरून जातो.

खरी अडचण कागदांची. या वाटेतला एक तुकडा वनविभागाचा, एक रेल्वेचा, रस्ता तिसऱ्याचा, नाला महापालिकेचा आणि मधली खाचरं शेतकऱ्यांची. बिबट्याच्या वाटेचा स्वतंत्र सातबारा नाही. व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या पट्ट्यांना वन्यजीव कायद्यात खास संरक्षण आहे. बिबट्याच्या वाट्याला ते येत नाही. तरी त्याच कायद्याच्या कलम 36-अ मध्ये एक खिडकी आहे: दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी सरकारी जमीन ‘संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर करता येते, स्थानिकांशी बोलून आणि त्यांचे हक्क न काढता.

स्थानिकांकडे तर जुना नकाशा आहेच. मुंबई-ठाणे-पालघर भागातल्या वारली समाजाच्या अभ्यासात 2021 पर्यंत वाघोबाची, म्हणजे वाघदेवाची, दीडशेहून जास्त ठाणी नोंदवली गेली. वाघबारशीला तिथे पूजा होते.

आणि दरवर्षी मे महिन्यात नालेसफाई होते, तेव्हा रस्त्याखालच्या मोऱ्यांमधून राडारोडा, गाद्या, थर्माकोल काढला जातो. तो काढतात पाणी तुंबू नये म्हणून. काढून ठेवलेला ढीग मोरीच्या तोंडाशीच पडून राहिला, तर पहिल्या पावसात तो परत आत जातो, आणि रात्री आलेला बिबट्या मोरी सोडून वर रस्त्यावर चढतो.