पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस: आई-वडिलांसाठी काय, कधी मागायचं

"एकदा पॅलिएटिव्ह टीमशी बोलून घ्या," असं डॉक्टर म्हणाले की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणजे आता काहीच उरलं नाही का? मोठ्याने कुणी विचारत नाही, पण मनात सगळ्यांच्या तेच असतं. पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस, म्हणजे अगदी शेवटच्या दिवसांतली सेवा, एकच, असं समजल्यामुळे हा धसका बसतो. मग "इतक्यात नको" म्हणून ती भेट पुढे ढकलली जाते आणि ज्या दुखण्यावर आजच औषध आहे, ते आई किंवा बाबा महिनोन्महिने अंगावर काढत राहतात.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजारामुळे होणाऱ्या त्रासावरचे उपचार: वेदना, धाप, मळमळ, उडालेली झोप, मनातली भीती. केमोथेरपी, डायलिसिस, हृदयाची औषधं, यातलं काहीही त्यासाठी बंद करावं लागत नाही. कॅन्सरच असायला हवा असंही नाही. पार्किन्सन्स, डिमेन्शिया, फुप्फुसांचे जुनाट आजार, निकामी होत चाललेली मूत्रपिंडं, या सगळ्यांत ती उपयोगी पडते आणि किती आयुष्य उरलंय हा प्रश्नच तिथे नसतो. २०१० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली होती. त्यांचे दिवस जास्त बरे गेले, नैराश्य कमी राहिलं आणि ते सरासरी अडीचेक महिने जास्त जगलेही. ही सेवा मागणं म्हणजे हात टेकणं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हाच अभ्यास सांगते.

हॉस्पिस हा याच सेवेचा शेवटचा टप्पा. मूळ आजारावरच्या उपचारांनी फरक पडेनासा झाला, किंवा फायद्यापेक्षा त्यांचा त्रासच जड झाला, की ते थांबवून सगळं लक्ष आरामाकडे द्यायचं. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत त्यासाठी डॉक्टरांना लेखी द्यावं लागतं की आजार नेहमीच्या गतीने वाढला तर आयुष्य ६ महिने किंवा त्याहून कमी असेल. पण तब्येत सावरली तर हॉस्पिसमधून बाहेर पडता येतं. हॉस्पिस म्हणजे एखादी इमारतच, हाही समज सोडून द्यावा. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि तिथून दोनच वर्षांत रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देणं सुरू झालं.

घरात हा फरक सगळ्यात जास्त कळतो तो ताटापाशी. आजार अजून मधल्या टप्प्यावर आहे आणि आई जेवत नाही, तर कारण शोधायलाच हवं. तोंड आलंय का, चार दिवस पोट साफ नाही का, औषधाने मळमळतंय का? यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो आणि कधीकधी दोन दिवसांत भूक परत येते. शेवटच्या आठवड्यांत मात्र शरीरच अन्न मागेनासं होतं. तेव्हा "एवढा एक घास, माझ्यासाठी" म्हणून भरवलं तर घास घशात अडकू शकतो, श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्या दिवसांत ओल्या बोळ्याने ओठ आणि जीभ ओली ठेवणं, कोरड्या ओठांना मलम लावणं, हीच खरी सेवा. भरवणं थांबवताना मुलांना अपराधी वाटतं. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की खाणं सुटल्यामुळे माणूस जात नसतो, तो निघाला आहे म्हणून खाणं सुटलेलं असतं.

मॉर्फिनबद्दलही असाच घोळ होतो. ते फक्त शेवटी देतात असं मानून लोक नको म्हणतात. खरं तर तीव्र वेदनेत ते कुठल्याही टप्प्यावर देता येतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताने वाढवलेल्या मात्रेने मृत्यू लवकर ओढवत नाही. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध जोडीला लिहून घ्यावं.

यातला कुठलाही निर्णय आई-बाबांच्या डोक्यावरून घेऊ नका. "तुला कशाचा जास्त त्रास होतोय?" हे भावंडांनी आपसात ठरवण्याआधी त्यांनाच विचारा. उत्तर बरेचदा अनपेक्षित असतं. आपण रिपोर्टांत अडकलेलो असतो आणि त्यांना रात्री बाथरूमपर्यंत एकट्याने जाण्याची धास्ती असते.

म्हणून पॅलिएटिव्ह टीमची भेट निदान झाल्यावरच मागा, डॉक्टर सुचवण्याची वाट पाहू नका. हॉस्पिसची वेळ आली तर पहिल्याच भेटीत तीन गोष्टी लिहून घ्या: रात्री दोन वाजता धाप लागली तर फोन कुणाला करायचा, त्या वेळचं कोणतं औषध आधीच घरात आणून ठेवायचं, आणि ते द्यायचं कसं हे घरातल्या कोणत्या दोघांना शिकवणार.