इंटरनेट कायद्यात सामान्यांचं मत 'चालत नाही'?

'इंटरनेटचे कायदे वकील आणि इंजिनिअर मंडळींनाच कळतात, आपण मत पाठवून काय होणार?' हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

२०११ साली अमेरिकेत सोपा (SOPA) आणि पिपा (PIPA) ही ऑनलाइन पायरसी रोखण्यासाठीची विधेयकं आली होती. १८ जानेवारी २०१२ ला त्यांच्या निषेधार्थ इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद राहिला, लोकांनी आपापल्या लोकप्रतिनिधींना अक्षरशः फोन करून हैराण केलं आणि दोन दिवसांत दोन्ही विधेयकं बाजूला पडली. त्याच वर्षी जुलैत युरोपीय संसदेने अ‍ॅक्टा (ACTA) हा बनावट माल आणि पायरसीविरोधी आंतरराष्ट्रीय करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. त्याआधी कित्येक शहरांत लोक रस्त्यावर उतरले होते.

पण नुसत्या संख्येवर जाऊ नका. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, वेबसाइट किंवा अ‍ॅपनुसार डेटाच्या वेगवेगळ्या दरांबाबत लोकांना चार नेमके प्रश्न विचारले. फेसबुकच्या मोहिमेतून लाखो साचेबंद ईमेल गेले, त्यांत फ्री बेसिक्सला (निवडक वेबसाइट मोफत देणाऱ्या फेसबुकच्याच योजनेला) पाठिंबा होता, प्रश्नांची उत्तरं नव्हती. ट्रायने याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी आली.

म्हणून मसुदा आला की आधी व्याख्या वाचा, मग अधिकार कोणाला मिळतायत ते, मग दंड. कलमाचा क्रमांक देऊन, तुमच्या कामावर त्याचा काय परिणाम होईल आणि नेमका कोणता बदल हवा ते मुदतीच्या आत लिहा. कायदा संमत झाला तरी थांबू नका. बराचसा तपशील नंतरच्या नियमांत ठरतो आणि त्या नियमांच्या मसुद्यावरही अनेकदा हरकती मागवतात.