जुनं पोर्ट्रेट नेमकं कोणाच्या हातचं? सफाईला देण्याआधी एवढं वाचाच

जुनं ऑइल पेंटिंग घेऊन आलेला जवळजवळ प्रत्येकजण आम्हाला विचारतो की हे कोणी काढलंय ते साफ केल्यावर कळेल का. कधीकधी कळतं, आणि कसं ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या एका चित्रावरून छान समजतं.

काळ्या कपड्यातला मिशीवाला माणूस, छातीपर्यंतच. १९२६ ला जूल्स बाख या बँकरने ते व्हेलास्केझचं म्हणून घेतलं (१७व्या शतकातला स्पेनच्या राजाचा चित्रकार), १९४९ ला ते म्युझियमकडे आलं आणि १९७९ ला म्युझियमनेच ठरवलं की हे त्याचं नाही, त्याच्या वर्कशॉपमधल्या कुणाचं तरी आहे. झालं होतं असं की वार्निश पिवळं पडलेलं आणि व्हेलास्केझने मुद्दाम अर्धवट सोडलेल्या जागा नंतर कुणीतरी रंगवून टाकलेल्या, त्यामुळे चित्र अगदी निर्जीव दिसायचं. २००९ मध्ये म्युझियमचे चित्र-संवर्धक मायकेल गॅलाघर यांनी ते साफ केलं तर खालून करडी बॅकग्राउंड आणि झपाझप मारलेले मोकळे फटकारे निघाले, आणि व्हेलास्केझचं नाव परत लागलं. माद्रिदच्या प्राडो म्युझियममधल्या त्याच्या ब्रेडा शहराच्या शरणागतीच्या मोठ्या चित्रात अगदी उजव्या कडेला असाच चेहरा आहे, पण नुसता चेहरा जुळून भागत नाही, चित्रकाराची रंगवायची हातोटी जुळावी लागते.

कागदही तितकेच महत्त्वाचे. त्याच म्युझियममधलं स्पेनचा राजा चौथ्या फेलिपेचं पोर्ट्रेट १९७३ ला असंच व्हेलास्केझचं नाही असं ठरवलं आणि २०१० ला परत त्याचंच मानलं, आणि त्या चित्राच्या पैशांची व्हेलास्केझच्या सहीची १६२४ ची पावती आजही आहे!

म्हणून आम्ही आधी चित्राची मागची बाजू बघतो, मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली, तिथे जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि नंतरचं टचिंग काळे डाग पडल्यासारखं दिसतं. त्यानंतर एका कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने छोटी टेस्ट, तुम्हाला दाखवूनच पुढचं काम. चित्रावरची सही आम्ही सगळ्यात शेवटी बघतो, कारण ती नंतरही टाकता येते.

प्लीज, घरी बटाटा, लिंबू, ओलं फडकं काहीही लावू नका, वरचे नाजूक थर एकदा गेले की ते परत आणता येत नाहीत. मागची लेबलं, जुनी फ्रेम, खरेदीच्या चिठ्ठ्या असतील तशा सोबत आणा.